माझं भिंग आणि सरांचा पुरुष

नाशिक, ऑगस्ट १९९७, सोमवार

सकाळी माझं भिंग पुन्हा जागेवर नव्हतं. संस्कृत व्याकरणातली बारीक अक्षरं भिंगाशिवाय वाचायला तपश्चर्या लागते, आणि माझी तेवढी पुण्याई नाही. चोर घरातलाच, अकरावीतला माझा मुलगा चिन्मय. म्हणे गच्चीवर मुंग्या बघत होता. बरं, बघू दे.

पण घरी आल्यावर त्यानं सांगितलं, दुपारी कॉलेजात बेडूक कापताना त्याचे डोळे भरून आले, तर जीवशास्त्राचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बायकांसारखा रडतोस काय? निसर्गाला ताब्यात घेणं हे पुरुषाचं काम. विज्ञान असंच जन्मलं!"

असंच? अहो, कुणीतरी चंद्राकडे, पाण्याच्या थेंबाकडे भिंग लावून खुळ्यासारखं बघत बसलं, म्हणून ते जन्मलं. आणि पुरुषाचं काम म्हणे! आमच्या सांख्य तत्त्वज्ञानातला पुरुष काडीचं काम करत नाही. तो नुसता बघतो. करते सगळं प्रकृती. जिज्ञासासुद्धा स्त्रीलिंगी आहे, सर!

संध्याकाळी हे सगळं चिन्मयला ऐकवलं. एरवी हसला असता. आज त्यानं भिंग टेबलावर ठेवलं. "हे घ्या, बाबा. दुसरा बेडूक कापला मी. काही वाटलं नाही."

सरांवरचा राग उद्या उतरेल. पण हे सांगताना पोराची मान ताठ होती, त्याची मला भीती वाटते.