अडतीस सेकंद

३ मार्च, सोमवार
हुकूम आला! आमच्या रेकॉर्ड कंपनीची सगळी जुनी गाणी आता फोनवर ऐकायला मिळणार. कॅसेटी गेल्या, सीडीही कोणी घेत नाही — हाच रस्ता उरलाय म्हणे. साहेबांनी मला यादी दिली. "गाण्याआधीची वाजवावाजवी काढून टाका. लोक दहा सेकंदही थांबत नाहीत, लगेच पुढच्या गाण्यावर."
एकशे चौदा गाणी. निम्म्यांच्या सुरुवातीला बाबांचं व्हायोलिन.

४ मार्च
साहेबांना म्हटलं, "माझ्या वडिलांचं वाजवणं आहे हो. एखादं तरी राहू द्या." माणूस वाईट नाही. टेबलाकडे बघत म्हणाले, "कंपनी जगली तर गाणी जगतील. माझ्याही जिवावर येतंय."
यादी घेऊन जागेवर आले.

५ मार्च
पहिलं कापलं. अडतीस सेकंद. ते वाजवलं तेव्हा बाबांच्या अंगात ताप होता, आई नेहमी सांगायची. एक बटण — संपलं!
गायिकेचा श्वास तेवढा ठेवला. जोड नीट बसावा म्हणून दहादा ऐकलं. काम मन लावून केलं — इथे तरी खोटं कशाला लिहू?

८ मार्च
बाबा खिडकीशी. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात मांडीवर नुसता पडलेला.
"आज काय केलंस गं?"
"जुनी गाणी साफ करतेय."
"खरखर काढतेस?"
"हो, खरखर!"


११ मार्च
आज नऊ.

१७ मार्च
गाणी फोनवर आली. गायिकेचं नाव, फोटो. वादक कुठेच नाहीत. रेकॉर्डच्या पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात तरी असायचे. शेजारच्या काकू धावत आल्या — "तुमची गाणी आली हो!" बाबा म्हणाले, "राहू दे. हल्ली ऐकूच कमी येतं मला."
सुटले!

२२ मार्च
सुटले कसली. रोज त्यांच्यासमोर बसते आणि नजर चुकवते.

२३ मार्च
सांगून टाकलं बाबांना. सगळं. मी रडले. त्यांनी उजव्या हातानं डोकं थोपटलं.
"अगं, गाणी फोनवर आली त्याच दिवशी ऐकलं मी. तू अंघोळीला गेलीस तेव्हा काकूंकडून लावून घेतलं. श्वासावर कापलंस ना? जोड मलासुद्धा सापडला नाही."
त्यांनी मांडीवरचा डावा हात उचलून नीट ठेवला. मग —
"एवढा कान होता तुझा. तुला व्हायोलिन का नाही शिकवलं गं मी?"