तुमच्या मापाची खुर्ची

९ फेब्रुवारी, दुपार

अहो,

सुरुवात कशी करायची यातच बराच वेळ गेला. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि काय झालं म्हणून नर्सबाई धावत आल्या असत्या. तेव्हा घरी मारते तीच हाक मारली. तब्येत सुधारत असेल. इकडे मी ठीक. लेक रोज संध्याकाळी डोकावून जाते. वरच्या मजल्यावरचा नळ अजून गळतोय, आणि तो कुणी दुरुस्त करायचा यावरून तिथल्या नवराबायकोचं अजून वाजतंय.

फोनवर मीच बडबडत बसते आणि तुमची उत्तर द्यायची धडपड ऐकवत नाही. तुम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वाचलेलं त्यांना सगळं कळतं, तुम्ही लिहीत जा. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा.

तर बातमी अशी, की तुमच्यासाठी खुर्ची घेतली. मागे रेलणारी, पाय वर घेणारी. लेकीने मोबाइलवर एक पसंत करून ठेवली होती, चित्रात फार झोकदार. मी म्हटलं, पायात घातल्याशिवाय मी चप्पल घेत नाही, खुर्ची कशी घेऊ? शेवटी कुरकुरत ती मला दुकानात घेऊन गेली.

पहिली खुर्ची इतकी मऊ, की मी बसले ती आत गेलेच. बाहेर काढायला लेकीला दोन्ही हात द्यावे लागले. विकणारी मुलगी म्हणाली, "आजी, ही सगळ्यात जास्त खपते." मी म्हटलं, "हिच्यात बसणारा खपेल." तिला ते कळलं नाही. तुम्ही असतात तर हसला असतात. दुसरीची पाठ चांगली होती, पण पाय वर घ्यायला बाजूचा दांडा जोर लावून ओढावा लागायचा, तोही उजव्या हाताने, आणि तुमचा तोच हात चालत नाही. ती सोडली. तिसरी बरी वाटली. पण बरी म्हणजे मला बरी. माझे पाय केवढे, तुमचे केवढे! माझ्या मापाची खुर्ची घेऊन तुमचे गुडघे हनुवटीला लागायचे.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, आईसाठी गादी बघायला. पाठमोरे अगदी तुम्ही. तेच खांदे, तीच जराशी पुढे आलेली मान. मग मी सरळ गेले आणि विचारलं, "जरा माझ्या नवऱ्याच्या जागी बसता का?"

लेक लाजून कपाटांच्या रांगेत दिसेनाशी झाली. पण तो भला माणूस. बस चालवतो म्हणाला, बसायचीच सवय आहे. चपला काढून बसला. मी खाली वाकून बघितलं, तळवे जमिनीला पुरते टेकले होते. गुडघ्यामागे दोन बोटं जात होती. कंबरेला मागून आधार होता, हात टेकून उठावं तर खुर्चीचे हातही घट्ट होते. मग त्या मुलीने बटण दाबलं. खुर्ची हळूहळू मागून वर आली, जरा पुढे कलली, आणि तो माणूस उभा राहिला. त्याने हातांची घडी घातली होती, ती सोडायचीही वेळ आली नाही. कुणी धरलं नाही, कुणी ओढलं नाही. मला एकदम नाक पुसायला लागलं. त्याने विचारलं, काका कुठे असतात? मी म्हटलं, येताहेत.

तीच घेतली. बटणं डाव्या बाजूला लावून मागितली. वीज गेली तर आत बॅटरी आहे, मधेच अडकून पडायला नको. वरचं कापड ओल्या फडक्याने पुसता येतं. चहा सांडला तर. आता चहाच सांडेल असं नाही, पण या वयात आपल्यात आडपडदा कसला? शनिवारी येईल. समोरच्या खोलीत खिडकीखाली जागा केलीय, पाठ मागे गेली तरी भिंतीला लागणार नाही अशी.

एवढं सगळं लिहिलं आणि लिहायचं होतं ते राहिलंच.

मागच्या रविवारी मी तुमची दाढी करायला घेतली. जन्मभर तुम्ही लोकांच्या गालावरून वस्तरा फिरवलात, आणि मला तो नीट धरताही येईना. तुम्ही तोंड भिंतीकडे वळवलंत. मला वाटलं, कापलं. कापलं नव्हतं. मग डॉक्टर आले, हसत म्हणाले, आता घरी जायचं ना? आणि तुम्ही मान हलवलीत. नाही. माझ्याकडे बघितलंही नाहीत.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, तिथे व्यायाम चांगला करून घेतात म्हणून अजून राहताहेत. लेकीलाही तेच सांगितलं. तिने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

माझी दुखरी कंबर बघून तुम्ही मान हलवलीत, एवढं न कळायला मी काय काल आले का तुमच्या घरात? आणि खोटं कशाला बोलू, मला तुम्हाला उचलता यायचं नाही. तुम्ही पडलात तर मीही पडेन. म्हणून तर दुकानभर हिंडले. उठवायचं काम खुर्ची करेल. आंघोळ घालायला सकाळी एक माणूस येईल, लेकीने बघून ठेवलाय. दाढी तुमचे भागीदार करतील. मी विचारायला गेले तर ते माझ्यावरच रागावले, इतके दिवस बोलावलं का नाही म्हणून. सलून उघडायच्या आधी घरी येऊन जातील. मग माझ्या वाट्याला काय उरतं? शेजारी बसणं. तेवढं मला अजून जमतं.

इतकं करूनही तुमचं 'नाही'च असेल, तर मी ऐकेन. खुर्ची तिकडे पाठवून देईन. पण या वेळी भिंतीकडे नको, माझ्याकडे बघून सांगा.

तुमच्या उत्तराला घाबरणारी,
तुमची बायको


१७ फेब्रुवारी, सकाळ

अहो,

बाईंनी तुमच्या अक्षरांचा फोटो पाठवला. डाव्या हाताने लिहिलंय, आणि त्यात शिकवणीचा सगळा वेळ गेला, असं त्या म्हणाल्या. मी आधी मोबाइलच उलटा धरला. मग लेकीने वाचून दाखवलं. "खिडकीत नको. वारा येतो."

लेक रडायला लागली. मी मात्र चिडले. म्हटलं, इतक्या दिवसांनी माणूस चार शब्द लिहितो आणि त्यातही खोडच काढतो! भाजी चिरायला बसले, आणि अर्ध्यात हात थांबला. जो तिथेच राहणार आहे, तो इथल्या वाऱ्याची काळजी कशाला करेल?

मग मीही रडून घेतलं. भाजी तशीच राहिली.

खुर्ची आता आतल्या भिंतीशी हलवलीय. तिथून स्वयंपाकघर दिसतं, म्हणजे मी काय करते त्यावर तुमची नजर राहील आणि टीका करायची सोय होईल. मी एकदा बसून बघितली. माझे पाय लोंबकळतात. तुम्ही तिकडे गेल्यापासून मला दुपारची झोप म्हणून नव्हती, पण तिथे डोळा लागला. जाग आली तेव्हा लेक समोर उभी. म्हणाली, आई, तू घोरत होतीस. तुम्ही आजवर म्हणत होतात ते खरं निघालं, पण तिच्या देखत कबूल करू नका.

एक सांगते. मला भीती वाटते. रात्री तुम्हाला काही झालं तर, मला हाक ऐकूच आली नाही तर. तुम्हालाही वाटत असणार. आपण आयुष्यभर एकमेकांपासून भीती लपवली आणि त्यालाच धीर म्हटलं. आता दोघं मिळून घाबरू.

गुरुवारी सकाळी लेक आणि मी गाडी घेऊन येतो. दारातल्या पायऱ्या चढायला वेळ लागेल. लागू दे.

घाई नसलेली,
तुमची बायको