शांत वर्गाची ढाल

मी, खाली सही करणारी, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचा दाखला कोणी मागितला नाही.

१. राहते घर मुलाचे व सूनबाईचे, समसमान. शिलाई मशीन धाकट्या बहिणीला. ते ती न विचारता घेऊन गेलीच आहे, आता राजरोस वापरावे.

२. 'सर्वांत शांत वर्ग' म्हणून मिळालेली ढाल हेडमास्तरांना परत करावी. यजमान गेल्यावर आठवडा व्हायच्या आत त्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, घरी बसून काय करणार बाई, मुलांत मन रमेल. मन रमले नाही आणि विटलेही नाही. मी पाढे घेत होते, फळा पुसत होते, ओरडत कोणावरच नव्हते. मुले मात्र दारातच माझा चेहरा बघत आणि गप्प होत. पुढे मधल्या सुट्टीतही कुजबुजत खेळू लागली. एका मुलीने बाहेर जाऊ का, हे विचारलेच नाही, तिला बाकावरच लघवी झाली. पाहणीला आलेल्या साहेबांना ही शिस्त वाटली. ती मुलगी आठवली तरी आजही मला काही होत नाही, याचेच वाईट वाटते.

३. सूनबाई त्याच शाळेत दुसरीला शिकवते. तिचे बाळ पोटातच गेले आणि महिना व्हायच्या आत ती वर्गावर उभी राहिली. पगार थांबला तर घर कसे चालणार, असे मुलगा म्हणतो. त्याचेही चूक नाही. ती नीट जेवते, नीट बोलते, म्हणून सगळे निर्धास्त होते. मीही होते. परवा शेजारीणबाईंची नात, सूनबाईच्याच वर्गातली, पाणी मागायला आली आणि कुजबुजत बोलली.

"मोठ्याने बोल की गं."

"बाईंना त्रास होतो."

"बाई तसं म्हणाल्या?"

"नाही. आम्हालाच कळतं."

४. सबब मागच्या खोलीचे भाडे व माझे निवृत्तिवेतन सूनबाईच्या एकटीच्या हाती द्यावे आणि तिने बिनपगारी रजा घ्यावी. मुलाने यात तोंड घालू नये. तिने घरी रडावे, झोपावे, माझ्याशी भांडावे. वकील म्हणतात, मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते. त्यांचा कायदा त्यांच्याजवळ. मी मरेपर्यंत ती मुले शाळा सोडून गेलेली असतील. हे कलम आजपासून लागू.

साक्षीदार: शेजारीणबाई (वरील मुलीची आजी), सही. डॉक्टर, सही.

लिहून देणार: सही.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.

तारीख: आजची. सूनबाई शाळेला निघायच्या आत.