काळा बेडूक आणि दुसरी घागर

प्रिय दादा,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया, गेलेल्यांच्या घागरी भरायचा दिवस. घरात तुझ्या नावाची पहिली घागर भरली आहे, आणि मी उंबऱ्यावर बसून तुला लिहितेय. आपला धाकटा, पिंट्या, आत झोपलाय. पुरणपोळीचे कसेबसे चार घास खाल्ले, आमरसाला हातही लावला नाही, आणि "उन्हं उतरली की रावेरला जाऊन येतो" म्हणत आडवा झाला. तो उठायच्या आत मला हे कुणाला तरी सांगायचंय. आईला सांगायची सोय नाही, आणि आप्पा देवळामागे पत्त्यांच्या डावात बसलेत. उरलास तू. तू असतास तर ही वेळच आली नसती म्हणा!

आधी घागरीचं ऐक. सकाळी आईने ओल्या मातीवर तुझी घागर मांडली. वर खरबूज, आपलं डांगर, ठेवलं, शेजारी आंबे ठेवले. हळदीकुंकू तिने दोनदा लावलं, शेवटी मीच करंडा काढून घेतला. ती फुलं आणायला आत गेली आणि बाहेर येऊन बघते तर तुझ्या शेजारी दुसरी घागर! कोरी करकरीत. पिंट्याच घेऊन आला होता कुंभाराकडून.

"ही दुसरी कोनी शे रे भाऊ?" आईने विचारलं.

"भरी ठेव," तो म्हणाला. "लागी."

आईला वाटलं, आजोबांची असेल. आजोबांची घागर चोपड्याला मोठ्या काकांकडे भरतात, पण तिचं डोकं कुठे ठिकाणावर आहे! तिने भरली, वर डांगरही ठेवलं. मी पिंट्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. नजर वळवली नाही त्याने.

जिवंत माणसाची घागर कुणी भरतं का रे, दादा?

ती कुणाची आहे ते मला माहीत आहे. तुझ्या गाडीला पहूरच्या रस्त्यावर मागून ठोकून जो केळीचा ट्रक थांबला नाही, त्याच्या ड्रायव्हरची. पोलिसांना ट्रक सापडला नाही. चहाच्या टपरीवाल्याने पाहिलं ते एवढंच, की मागच्या फळीवर दोन मोर रंगवलेले होते. त्या दोन मोरांमागे पिंट्या हिवाळाभर हिंडला. कॉलेज सोडलं, क्रिकेट सोडलं. आणि मागच्या महिन्यात येऊन म्हणाला, "ताई, सापडला. रावेरचा आहे. मागे दोन मोर आहेत आणि बंपर नवा बसवलाय." नवा बंपर! एवढ्यावर माणूस ठरवला त्याने.

आता तू म्हणशील, "भवाने, मग मला काय सुनावतेस? मी तर गेलो." सुनावणारच. तू त्या काळ्या बेडकाचा गेम घरात आणलास ना!

पहिला पिवळा बेडूक किती गोड होता रे! तू सुरतेहून तो गेमचा जुना डबा आणलास, टीव्हीला जोडलास, आणि आपण तिघं चटईवर बसलो. बेडकाने या पानावरून त्या पानावर उड्या मारायच्या, घंटा गोळा करायच्या, चुकलं की डुबुक. त्याचे पुढचे सगळे भाग तू शोधून शोधून आणलेस. रिमोट दोनच चालायचे, म्हणून तू पिंट्याच्या हातात न जोडलेला तिसरा द्यायचास, आणि बिचाऱ्याला वर्षभर वाटायचं की पडद्यावरचा बेडूक आपणच उडवतोय. किती हसायचो आपण! आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बठ्ठा दिन त्या टीव्हीम्हा तोंड घाली बसतस! हाऊ बेडूक तुमले जेवू घाली का?"

आणि मग तो दुसरा आला. त्याच कंपनीचा, त्याच तळ्यातला, पण उजेड नसलेला. सुरू होतो तेव्हाच पिवळा बेडूक मेलेला असतो, पाण्यावर उलटा तरंगत. आपण व्हायचं त्याचा धाकटा भाऊ. काळपट, गप्प, हातात बंदूक. त्याने तळ्यातळ्यातून भावाला मारणाऱ्याला शोधत जायचं. मला पहिल्याच दिवशी शिसारी आली होती. लहान पोरांच्या बेडकाच्या हातात बंदूक कशाला द्यायची, सांग ना?

सगळे त्या गेमला नावं ठेवायचे. भिंतीत पाय अडकायचा, उडी मारली की पडदाच भलतीकडे फिरायचा, आणि ज्यांना मारायचं त्या सगळ्यांचे चेहरे एकसारखे. तू मात्र वकिली करायचास. "गेम वाईट नाही गं, अर्धवट आहे. घाईत काढलाय." मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला मोडक्या वस्तूंचं भारी प्रेम!

पण त्यातली एक गोष्ट तू कधी मनावर घेतली नाहीस. प्रत्येक तळ्याच्या शेवटी शत्रू गुडघ्यावर बसायचा आणि पडद्यावर दोन बटणं यायची, मार किंवा सोड. 'सोड' दाबलं की गेम तिथेच गोठायचा. मग वायर काढून पुन्हा पहिल्यापासून. पिंट्या तेव्हा लहान होता, मऊ होता, तो दर वेळी 'सोड' दाबायचा आणि पडदा गोठला की रडायचा. तूही खूप खटपट केलीस, मग कंटाळलास आणि म्हणालास, "अरे वेड्या, सोडायचा रस्ता त्यांनी बनवलाच नाहीये. मार म्हण आणि पुढे चल." सहज म्हणालास. माझ्याही तेव्हा काही मनात आलं नाही. आता रोज येतं.

तुझे दिवस झाले आणि तेराव्यानंतर पिंट्याने माळ्यावरून तो डबा काढला. मला बरंच वाटलं, म्हटलं दादाच्या आठवणीत रमतोय. मधे धुळ्याहून दोन दिवस माहेरी आले तेव्हा पाहिलं, तर खेळताना तो पापणीसुद्धा हलवत नव्हता. समोरचा गुडघ्यावर बसला की लगेच 'मार'. मी म्हटलं, "अरे, एकदा दुसरं दाबून तर बघ!" म्हणाला, "कशाला? गोठतं." किती थंड आवाज होता तो, दादा! तो आपल्या पिंट्याचा नव्हता.

गेल्या आठवड्यात आमच्या यांच्याबरोबर केळीच्या कामासाठी रावेरला गेले होते. वखारीबाहेर ट्रक लागलेले, घड चढवणं चालू. मी सहज मागच्या फळ्या बघत गेले. या ट्रकवर दोन मोर. पुढच्यावर दोन मोर. त्याच्या पुढच्यावरही तेच, तशाच माना, तोच पिसारा. हमाल हसायला लागला. "ताई, आमच्याकडं एकच पेंटर. त्याला मोराशिवाय काय येतच नाय!"

मी तशीच माहेरी येऊन पिंट्याला सगळं सांगितलं. हात जोडले रे, धाकट्या भावापुढे! म्हटलं, तो माणूस दुसराच कुणी असेल, त्यालाही आई असेल, पोरं असतील. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग एकेकाला विचारीन."

आज सकाळी त्याच्या गाडीच्या डिकीत केळीचे घड कापायचा कोयता मिळाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, नुकताच धार लावलेला. मी तो काढून गव्हाच्या कोठीत खोल खुपसलाय. पण कोयते काय, बाजारात ढिगाने मिळतात.

मला तुझा राग येतो दादा, खरंच येतो. हेल्मेट टाकीवर ठेवून गाडी कसली चालवायचास? म्हणायचास, डोकं तापतं! आता घे. आई रोज एक ताट जास्त वाढते आणि मग उचलून ठेवते. त्या ड्रायव्हरने ठोकलं असेल, तर त्याला सजा झालीच पाहिजे, मीही त्याला माफ केलेलं नाही. पण त्यात पिंट्या गेला, तर आईने कुणाकडे बघायचं? फाशी काय, जेल काय, तिच्यासाठी दोन्ही एकच.

म्हणून तुला शब्द देते. मी आता धुळ्याला परत जात नाही. यांना फोन करून सांगितलंय, ते म्हणाले, राहा. उद्या मी स्वतः पहूरला पोलिसात जाईन, त्या टपरीवाल्याला सोबत नेईन, ते हाकलतील तर परत जाईन. तुला ज्याने मारलं त्याला मी शोधेन, नीट, खात्री करून. आणि ती दुसरी घागर संध्याकाळच्या आत मी माझ्या हाताने परसात ओतेन. आई रागावली तर रागावू दे.

थांब. खाट करकरली. उठला तो. मागे परसात गाडीपाशी जाऊन आला बहुतेक, डिकी आपटल्याचा आवाज आला; परसातून बाहेर पडायची वाट या उंबऱ्यावरूनच आहे.

"ताई, माझा कोयता कुठंय?"

आईच्या समोर विचारतोय, दादा! आणि आई आपली हसून त्याला म्हणतेय, "सनना दिन कोयता कसाले रे भाऊ?"

मी उंबऱ्यावरून उठत नाही. त्याला जायचंच असेल, तर बहिणीला तुडवून जावं लागेल.

तुझी,
भवानी