मीटर माझ्या खोलीत आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे. जेवढं वाकता आलं तेवढं वाकलो, बाकीचा नमस्कार समक्ष भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला तसाच आहे, की सिगारेट सोडल्याचं नाटकही आता त्यांनी सोडून दिलं? मी इकडे ठणठणीत आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, वेळेवर जेवतोस का. जेवतो. पुढे विचारलं होतंस, काय जेवतोस. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू.

आता मुद्द्याचं सांगतो. तुझं म्हणणं खरं ठरलं. (हे वाक्य माझ्याकडून तुला उभ्या जन्मात पुन्हा मिळायचं नाही, तेव्हा सावकाश वाच.) ही गेल्यावर मी मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने द्यायला निघालो, तेव्हा तू म्हणाली होतीस की नसती ब्याद घरात घेण्यापेक्षा घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे राहायला ये, मागची खोली तुझीच आहे. मी ऐकलं नाही. तुझी मागची खोली मला ठाऊक आहे. तिला आतून कडी नाही, आणि तुला दार वाजवायची सवय नाही. गेल्या खेपेला तू माझी पिशवी उपसून सगळे सदरे धुवायला टाकलेस, आणि मी दिवसभर भाऊजींच्या सदऱ्यात बसून होतो. त्या सदऱ्यात आणखी एक पाहुणा सहज मावला असता. असो. सांगायचं एवढंच, की महिनाअखेर माझे भाडेकरू घर खाली करून जाणार. मी ठरवलंय. घर माझं आहे, ठेवायचं कुणाला आणि काढायचं कुणाला हे मीच ठरवणार.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, बायको ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. दोघंही इतकी हळू बोलतात की भिंतीला कान लावला तरी (लावला असं नाही, उदाहरण म्हणून सांगतो) शब्द लागत नाही. ती तर नुसती बघते आणि समोरचा गप्प होतो. ग्रंथालयात ठीक आहे, पण घरात काय करायचं आहे असली शांतता? आल्याआल्या त्यांनी खिडक्यांना पडदे लावले. मागच्या खिडकीतून फक्त माझ्या न्हाणीघराची भिंत दिसते, तिथेही पडदा. मी म्हटलं, अहो, ती भिंत तुमच्याकडे बघत नाही. त्यावर चष्मेवाला म्हणाला, "भिंत नाही बघत, काका." आणि हसला. मीही हसलो. काय म्हणायचं होतं ते मला नंतर, दात घासताना कळलं.

आता माझाही इलाज नाही, ताई. तुझ्या भावाने सारा जन्म लोकांची वीजमीटरं वाचण्यात घालवला. दारात उभं राहून "मीटर!" अशी एक हाक दिली की कुठलंही दार उघडायचं. टॉवेल गुंडाळलेले वकील, तोंडाला पीठ फासलेल्या मुख्याध्यापिका, ताटावर बसलेली सबंध कुटुंबं, सगळ्यांनी मला आत घेतलं. भांडणारे नवराबायको माझ्यासाठी भांडण थांबवायचे नाहीत, उलट दोघंही मला साक्षीला धरायचे. मी म्हणजे जणू घरातलाच पाट किंवा स्टूल. अशा माणसाला स्वतःच्या घराच्या मधल्या दाराशी थांबून विचारायचं, की येऊ का? सुरुवातीला मी सवयीने "मीटर!" म्हणालो आणि गेलो आत. ग्रंथपालबाई केस पुसत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, मीटर तुमच्या खोलीत आहे." खरंच आहे ते. माझं आणि त्यांचं, दोन्ही मीटर माझ्याच खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर आहेत. मग त्यांनी सांगितलं, येण्याआधी सांगत जा. मी सांगत गेलो. आत पाऊल टाकता टाकता मोठ्याने सांगायचो. तेही त्यांना चालेना. दार वाजवायचं आणि उत्तराची वाट बघायची, असं ठरलं. मग मला कारणं काढावी लागली. नळ गळतो का बघायचा होता. गळत नसेल तर गळायला लागेल का ते बघायचं होतं. खिडकीचं लाकूड फुगलंय का बघायचं होतं. (कुठल्या ऋतूत ते फुगतं आणि कुठल्यात सुकतं याचा विचार मी केला नव्हता.) खरं सांगू का, मला त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ जरा उभं राहायचं असायचं. ही भाजी चिरायची तिथे मी चहाचा कप घेऊन उभा राहायचो, आणि ती म्हणायची, उजेड अडवू नका. पण हे कारण घरमालकाला सांगता येत नाही.

मग इस्त्रीचं प्रकरण झालं. दोघंही कामावर गेली होती आणि मी पलंगावर पडल्या पडल्या पाहतो तर त्यांच्या मीटरची चकती सुसाट पळते आहे. घरात माणूस नसताना चकती अशी पळाली तर समजावं, काहीतरी तापत राहिलंय. मी माझ्याकडची किल्ली काढली, मधलं दार उघडलं आणि इस्त्री बंद केली. खालच्या सदऱ्याची बाही करपून गेली होती, पण घर वाचलं. संध्याकाळी दोघांनी इतके आभार मानले की मलाच अवघडल्यासारखं झालं. मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. सगळं कसं छान चाललं होतं. बिस्कीट बुडवता बुडवता चष्मेवाल्याला शंका आली, की पण काका, तुम्हाला कळलं कसं? इथे माझं तोंड बंद राहायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या कामातलं विचारत होतं. मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. पंख्याने चकती कशी फिरते, हीटरने कशी, सगळं समजावून सांगितलं. आणि नमुना म्हणून सांगितलं, की बाई, परवा तुम्ही पहाटेपर्यंत दिवा लावून वाचत होतात, आणि रविवारी तुमचं भांडण झालं असणार, कारण दोन खोल्यांत दोन वेगळे दिवे जळत होते. चष्मेवाल्याचं बिस्कीट कपात पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडची किल्ली मागितली. मी लगेच दिली. (एक दिली. होत्या दोन. हे तुझ्यामाझ्यात.)

तू म्हणशील, मेल्या, लोकांच्या मीटरकडे टक लावून बसायला लाज नाही वाटत? वाटते. पण ताई, नोकरीवरून घरी आलो की चपला काढायच्या आधी मी आमच्या मीटरकडे बघायचो. चकती फिरत असली की समजायचं, ही घरात आहे, शिवणाच्या मशीनवर बसली आहे किंवा पाणी तापवते आहे. हाक मारायची गरजच नसायची. ही गेली आणि मीटरचा जीव गेला. माझा एक दिवा आणि एक पंखा, तेवढ्यावर चकती इतकी रेंगाळत फिरायची की बघवत नसे. मी पैशासाठी भाडेकरू ठेवले नाहीत. पेन्शन मला पुरून उरतं. भिंतीपलीकडे कोणीतरी राहावं, एवढंच मला हवं होतं. ही दोघं राहायला आली त्या दिवशी दुसरी चकती फिरायला लागली आणि मला हिची फार आठवण आली. आणि त्या रात्री किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

आता शेवटचा गुन्हा ऐक. अलीकडे त्यांची चकती भर दुपारी फिरायला लागली. म्हणजे बाई ग्रंथालयात न जाता घरी. सकाळी विजेची किटली एकदा, परत एकदा, आणखी एकदा. मिक्सर बंद. कांदा परतल्याचा वास बंद. चष्मेवाला संध्याकाळी बाहेरून डबा घेऊन यायला लागला. मी आयुष्यभर लोकांच्या घरांतून फिरलो आहे, मला काही कोणी वेगळं सांगायला नको. मला इतका आनंद झाला ताई, की दिवसभर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. आपल्या घरात कधी न वाजलेला आवाज आता वाजणार, असं वाटलं. (आमच्या नशिबात ते नव्हतं, तुला माहीतच आहे. हिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही केली नाही.) संध्याकाळी चष्मेवाला फाटकातून आत आला, आणि मी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, अभिनंदन, बाप होणार तुम्ही! त्याने हात सोडवून घेतला, डबा सावरला. मग आत गेला. थोड्या वेळाने आतून बाईंचा रडण्याचा आवाज आला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू आला. बाईंनी त्याला अजून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, उभ्या उभ्याच बोलला आणि गेला. तेव्हाच घर खाली करण्याचं ठरलं. इतकी नाजूक माणसं ठेवून माझ्यासारख्याचं कसं व्हायचं? त्यापेक्षा एकटा बरा. बाकी सगळं क्षेम. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, नुसती बाटली उशाशी ठेवून गुण येत नाही.

तुझा धाकटा
(घरमालक)

ता. क. वर मी दोनतीनदा लिहिलंय की मी ठरवलं. खोडणार होतो, पण पत्र खराब दिसलं असतं. मी काही ठरवलेलं नाही. नोटीस त्यांनी मला दिली. चष्मेवाला म्हणाला, "काका, तुमचा राग नाही हो. पण घरात असून घरात असल्यासारखं वाटत नाही." एवढंच बोलला. मग जाता जाता थांबून सांगितलं, की मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पेढे वाटले होते, आणि मग ते टिकलं नाही. सगळ्यांना परत एकेकाला सांगत फिरावं लागलं. म्हणून या वेळी बाईंनी ठरवलं होतं, डॉक्टर निश्चित सांगेपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही. भीती आपण एकटीनेच बाळगायची. ती मी फाटकात उभा राहून वाटून टाकली. त्या दिवशीच मी दुसरी किल्लीही देऊन आलो. ओळखीच्या वायरमनला बोलावून त्यांचं मीटर त्यांच्या भिंतीवर नेऊन बसवलं. बाईंनी आभार मानले, आणि पुस्तकं खोक्यात भरत राहिल्या.

पुन्हा ता. क. त्यांनी जी नवी खोली पाहिली आहे ती तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना उभा, पाणी खालून न्यायचं. डॉक्टरांनी बाईंना जिने चढायला आणि जड उचलायला बंदी केली आहे. हे मी कुठे वाचलं किंवा ऐकलं नाही, चष्मेवाल्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. तरी त्या जायला तयार आहेत, म्हणजे मी त्यांना किती नकोसा झालो असेन बघ. मी पुष्कळ विचार केला. या घरात त्यांना राहायला जागा आहे, एकच अडचण आहे, आणि ती अडचण मी आहे. तेव्हा ताई, ती तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का? बाळ होऊन चालायला लागेपर्यंत मी तिथे राहीन. सदरे सगळे धू. कडी नको. उलटटपाली मला पत्र टाक, की तब्येत बरी नाही, तू आलाच पाहिजेस, आणि त्यात भरपूर हट्ट कर. मी ते पत्र त्या दोघांना वाचून दाखवणार आहे. म्हणजे मी त्यांच्यासाठी चाललोय असं त्यांना वाटायला नको, नाहीतर संकोचाने पुन्हा खोकी भरायला लागतील. भाड्याचं काही लिहू नकोस. माझ्या जेवणाबद्दल काही लिहू नकोस.

आणखी एक, आणि मग खरंच संपलं. बाळ झालं की मला कळवा, असं मी त्यांना सांगून येणार नाही. त्यांना वाटलं तर कळवतील, नाही वाटलं तर नाही. मी विचारणार नाही. हे मात्र खरंच मी ठरवलंय. तू विचार. तुझ्यासारखीने विचारलं तर त्यांना राग येणार नाही. मुलगा की मुलगी ते विचार, बाईंची तब्येत कशी आहे ते विचार. वजन किती भरलं तेही विचार. फक्त मी विचारायला सांगितलंय असं लिहू नकोस.