वर चढलेल्या माश्या

३ मार्च
सकाळी सकाळी आमच्या प्रमुख मॅडम टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या माश्या बदलल्यात." माझ्या! अकरा वर्षं या प्रयोगशाळेत फळमाश्या सांभाळतेय. काम एकच — माझ्या बाटल्यांतला वंश होता तसाच राहायला हवा. त्याच्याशी ताडूनच बाकीच्यांचे प्रयोग चालतात. आणि आता म्हणे त्या सुसाट वर पळतात. शेजारच्या टेबलावर कोण बसतो? गोगलगाय — मीच ठेवलंय हे नाव. एक बाटली धुवायला अर्धा तास घेतो. त्यानेच आपल्या माश्या माझ्या माश्यांत मिसळल्या असणार.

४ मार्च
मॅडमना तसं लेखी दिलं.

९ मार्च
मॅडमनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं. "मी नाही मिसळल्या, मॅडम." एवढंच. मग माझ्याकडे वळून, "ताई, बाटली बदलताना तुम्ही जरा थांबत जा." मला शिकवणारा हा कोण? डोक्यात तिडीक गेली.

१४ मार्च
काढला त्याला. आई अंथरुणाला खिळलीय, म्हणत होता. मग काम जपून करायचं होतं. आज डबा निवांत खाल्ला.

२१ मार्च
मूळ वंशाच्या माश्या जिथून आणल्या होत्या, तिथूनच पुन्हा मागवल्या. आल्या — मंद. गोगलगायीच्या राहिलेल्या बाटल्या काढून पाहिल्या. त्याही मंदच! जे कोणाकडेच नाही, ते मिसळून माझ्याकडे येईल कसं?

२२ मार्च
आज स्वतःच्याच हातांवर नजर ठेवली. दर पंधरवड्याला जुन्या बाटलीवर नवी उपडी धरायची, टिचकी मारायची, सगळ्या वर चढेपर्यंत थांबायचं. मी थांबत नाही. पन्नासेक चढल्या की बूच! खालच्या फेकून देते. पावणेसहाची बस असते ना. म्हणजे दर खेपेला चपळ तेवढ्याच उरल्या, पुढची पिढी त्यांचीच. एका खेपेत काय दिसणार? पण अशा अडीचशेवर खेपा झाल्या.
मीच केलं हे. आणि तो रोज बघत होता. लाज वाटते, तरी रागही त्याचाच येतो. बाबा रे, ओरडून का नाही सांगितलंस?

२४ मार्च
मॅडमना सगळं सांगून टाकलं. नोकरी जाणार, हे धरूनच गेले होते. त्या खुर्चीतून उठल्याच — "अहो, सोनं आहे हे! अडीचशे खेपांची अशी निवड ठरवूनही कोणाला जमली नसती!" यावरच्या शोधनिबंधात माझं नाव घालणार आहेत. त्याचं काय, विचारलं. त्याच्या जागेवर सोमवारपासून दुसरा माणूस येतोय.