दोन पोथ्यांची सरासरी

बाई, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लिहिलं नाही, कारण नुसतं क्षेमकुशल कळवलेलं तुम्हाला आवडायचं नाही. आज मजकूर आहे: आपण जिंकलो.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही मटार सोलताय, टेबलावर एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या, आणि त्या ताडून बघायला मी. एकीत एक शब्द, दुसरीत भलताच. मी अठरा वर्षांचा, म्हणजे सर्वज्ञ. दोन्हींचं समाधान होईल असा मधला शब्द बसवला; वृत्तातही बसला. तुम्ही वाचलंत आणि वही माझ्याकडे सरकवलीत. ‘‘हा या पोथीत नाही, त्या पोथीत नाही. तुझ्या डोक्यात आहे, तिथेच राहू दे. दोन पाठ आहेत ना? मग दोन लिही.’’ पुढे मी जीवशास्त्राला गेलो, तेव्हा ‘‘उंदीर कापायला?’’ एवढंच विचारलंत. तर हो, बाई, उंदीरच. न्यू जर्सीत, पंधरा वर्षं.

स्नायू दुखावला की त्यातल्या झोपलेल्या मूळपेशी जाग्या होतात आणि नवा स्नायू घडवतात. त्यांना जागं करणारा एक रासायनिक निरोप आम्ही तपासत होतो. काम करणारी मुलगी नागपूरची, पीएचडीचं पाचवं वर्ष. इथे प्रोफेसरलाही नावानं हाक मारतात. ते तिला जमेना, म्हणून मी काका. मार्चमध्ये ती आली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘काका, इफेक्ट झीरो. दोन वर्षांचा डेटा, काहीच नाही. थिसिस कॅन्सल समजू का?’’ कमिटीचंही मत तेच होतं: पीएचडी सोडून नुसती मास्टर्सची पदवी घ्यावी आणि घरी जावं. तिच्या घरी हे अजून सांगितलेलं नव्हतं.

मी तिच्या वह्या चाळत बसलो. एका उंदरात या पेशी मोजक्याच मिळतात, म्हणून नर-मादी सगळ्यांच्या एकाच नळीत ओतायच्या, ही आमच्या लॅबची रीत. घालून दिली मीच. पान उलटताना कान तापला, बाई. पन्नाशीत. दोन पोथ्या मी पुन्हा एकत्र कालवल्या होत्या, आणि जो आकडा कुठल्याच उंदरात नाही तो ती पोरगी इमानानं मोजत होती.

आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. नरांच्या वेगळ्या, माद्यांच्या वेगळ्या. दोन्हींना तेच अन्न, तीच ऊब. पेशींच्या बशीवर नर की मादी ते लिहायचं नाही, चिठ्ठीत बंद ठेवायचं, मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. सहा महिने. मग चिठ्ठ्या उघडल्या. त्याच निरोपानं माद्यांच्या पेशी भराभर जाग्या होत होत्या आणि नरांच्या आणखी गाढ झोपत होत्या. एक वर, एक खाली, बेरीज शून्य. शरीराबाहेर, एकाच अन्नावर वाढूनही त्या आपापला पाठ विसरल्या नव्हत्या. तीनदा केलं, तीनदा तेच. तिसऱ्यांदा ती खुर्चीत बसली आणि आईला फोन लावून नुसती हसत राहिली.

काल तिचा व्हायवा झाला. ज्यांनी घरी जा म्हटलं होतं तेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, जरा जास्तच. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, वेगळं करायचं सुचलं कसं? मी म्हटलं, सहज. एवढा विनय मला शोभत नाही हे तुम्ही जाणताच. तो विनय नव्हताच.

संध्याकाळी तिला जेवायला जवळच्या एडिसन गावी नेत होतो. गाडीत म्हणाली, ‘‘काका, सहज नाही ना सुचलं? कुणी शिकवलं?’’ तुमच्याविषयी बोलायचं तर मटारापासून सुरुवात करावी लागली असती, आणि माझा आवाज नीट राहिला नसता. म्हणून म्हटलं, ट्रॅफिक आहे, समोर बघू दे.

हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा कबूल करतो. रस्ता मोकळा होता.